भों म्हणजे काय?

१४ नोव्हेंबर, मट्टू

घरी पोचलो. जहाजावर दर पाळीला लॉगबुक लिहायची सवय, हात स्वस्थ बसत नाही, म्हणून ही वही. पण पहिल्याच दिवसाचं लिहायला बरं वाटत नाहीये.

आमची मुलगी इंचरा तीन महिन्यांची असताना मी गेलो. करार सहा महिन्यांचा. साथीमुळे बदली माणूस येईना, एकही बंदर आम्हाला उतरू देईना, आणि सहाचे चौदा झाले. सिग्नल मिळेल तेव्हा तिला फोनवर बघत आलो. पहिला दात फोनवर पाहिला, पहिलं पाऊल फोनवर पाहिलं. मला वाटायचं, आमची चांगली ओळख आहे.

रिक्षा दारात थांबली. विनुता तिला कडेवर घेऊन पायरीवर उभी होती. "इंचू, बघ तरी कोण आलं! अप्पा कुठाय? अप्पा?"

इंचूनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खाली उतरायला धडपडू लागली. मी बॅग टाकली, गुडघ्यावर बसलो, हात पसरले. ती तुरुतुरु घरात गेली, खाटेवरचा फोन उचलून आणला आणि आईपुढे धरला. "अप्पा." मग त्या काळ्या काचेचा पापा घेतला.

मामी, म्हणजे विनुताची आई, खांबाला टेकून मजा बघत होत्या. "पोरीचं काय चुकलं? तिचा अप्पा एवढा," त्यांनी वीतभर अंतर दाखवलं. "हा सहा फुटी कोण आणलास?"

तिला हसवावं म्हणून मी तोंडाशी हात धरून जहाजाचा भोंगा काढला. भोंऽऽऽ! माडावरचे कावळे उडाले. इंचू मामींच्या लुगड्यात शिरली ती जेवणं होईपर्यंत बाहेर आली नाही.

"जहाज समुद्रात ठेवून यायचं असतं, लोहिता," मामी म्हणाल्या.

१६ नोव्हेंबर

आज एक प्रयोग केला आणि पस्तावलो.

मागच्या माडांत जाऊन विनुताला व्हिडिओ कॉल लावला. लगेच आतून आरोळी आली, "अप्पाऽऽ!" मग काय गप्पा! बाहुली दाखवली, पोट दाखवलं, तोंडातली चावलेली इडली दाखवली. मी बोलत बोलत हळूहळू घराकडे आलो. म्हटलं, फोनमधला तो आणि दारातला मी एकच आहोत हे एकदा दिसलं की झालं.

उंबऱ्यात पाय ठेवला. तिनं फोनमधल्या माझ्याकडे पाहिलं, दारातल्या माझ्याकडे पाहिलं. आणि चटकन फोन पोटाशी धरून माझ्याकडे पाठ केली. तिच्या अप्पाला ती माझ्यापासून वाचवत होती.

विनुतानं कॉल बंद केला. ती हसली नाही, हे बरं केलं. मामी हसल्या.

१९ नोव्हेंबर

सध्या ती माझ्यापासून चार हात लांब असते, पण रडत नाही. तेव्हा मी लांबून तिचे शब्द ऐकतो.

तिचा लाडका शब्द "गुळ्ळ". आमच्या गावची गोल हिरवी वांगी. मामींच्या वाफ्यात सध्या गुळ्ळच गुळ्ळ आहे, त्यामुळे शब्द तिथून आला. पण चेंडू गुळ्ळ, लिंबू गुळ्ळ, काल उगवलेला चंद्रही गुळ्ळ. आज संध्याकाळी शेजारचे शीनण्णा दगडी गडग्यावर बसले होते. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस, डोक्यावर एक केस नाही. इंचूनं मामींच्या कडेवरून हात लांबवून त्यांच्या टाळूवर थापटलं. "गुळ्ळ!"

"बघा," शीनण्णा म्हणाले, "जन्मभर सरकारी नोकरी केली, शेवटी भाजीत जमा झालो."

विनुता ओशाळली. पण मला वाटलं, पोरीनं जगातलं गोलपण हेरलंय. वांग्यावरून तिला एक शब्द मिळाला आणि त्या शब्दाच्या मागे लागून ती एकेक गोल गोष्ट हुडकत चाललीय. तो शब्द नसता तर शीनण्णांच्या डोक्याकडे तिनं पाहिलं तरी असतं का?

ठरवलं. फेब्रुवारीत परत जायचंय. त्याआधी तिनं मला अप्पा म्हटलं पाहिजे.

२७ नोव्हेंबर

नवा शब्द आलाय आणि त्याचा अर्थ लागत नाही. "भों."

सकाळी दारातल्या माझ्या बुटांकडे बोट दाखवून म्हणाली, "भों." मी विनुताला म्हटलं, बुटाला भों म्हणते. दुपारी माझ्या निळ्या बॅगेवर बसून, "भों." संध्याकाळी मी दाढी करत असताना न्हाणीघराच्या दाराशी आली, साबणाचा फेस बघितला आणि खुश होऊन, "भों, भों!"

बूट काळे, बॅग निळी, फेस पांढरा. रंगात ताळमेळ नाही. आकारातही नाही.

विनुताला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "तुम्ही इंजिनिअर. तुम्हीच शोधा," एवढं म्हणून तिनं खाली मान घातली. खांदे हलत होते. खोकला झालाय वाटतं तिला.

२ डिसेंबर

भोंबद्दल विचार करतोय. आज माझ्या खुर्चीला म्हणाली. मी खुर्चीत नव्हतो, न्हाणीत होतो. सध्या असं वाटतं की ज्या वस्तूंना ग्रीसचा, तेलाचा वास येतो त्या सगळ्या भों. खुर्चीवर माझा टॉवेल होता, त्याला येत असेल.

मी पहिल्यांदा इंजिन रूममध्ये उतरलो तेव्हाची गोष्ट आठवते. नुसता गदारोळ. एकच एक प्रचंड आवाज, कानात कापूस कोंबल्यासारखा. चीफ इंजिनिअर एक म्हातारा गोरा होता. तो माझी मान धरून एकेका यंत्राकडे न्यायचा आणि नाव सांगायचा. हा पंप. हा टर्बो. हा झडपेचा टकटकाट, हा बरा नव्हे. महिन्याभरानं त्या गदारोळाच्या धांदोट्या झाल्या. मग झोपेत जरी पंपाचा सूर बदलला तरी मी उठून बसायचो. आवाज तेच होते. नावं मिळाली तसे ते सुटे झाले. आणि सुटे ऐकू यायला लागल्यावर मी स्वतःच काही आवाजांना नावं ठेवली, जी कुठल्याच पुस्तकात नाहीत. एका कंप्रेसरच्या घरघरीला आम्ही "सासूबाई" म्हणायचो. हे मामींना कळता कामा नये.

इंचूही तेच करत असणार. पण तिची इंजिन रूम म्हणजे सगळं जग.

६ डिसेंबर

आज किनाऱ्यावर गेलो, चौघं. एक खेकडा वाळूत तिरका पळाला. मी सांगितलं, "डेंजी." तिनं लगेच म्हटलं, "डेंजी!" माझ्याकडून तिनं घेतलेला हा पहिला शब्द. छाती फुगली.

घरी आलो तर घरभर खेकडे. कात्री डेंजी. फणी डेंजी. मामींनी पाच बोटं पसरून "थांब" म्हटलं तर तो हात डेंजी. मग ती उताणी पडली आणि वर बघून किंचाळली, "डेंजी!" छतावरचा पंखा. बंद होता, पाती पसरून बसलेला.

त्या पंख्याखाली मी लग्न झाल्यापासून झोपतोय. आज पहिल्यांदा मला तो खेकडा दिसला. आता पंखाच दिसत नाही.

विनुतानं बटण दाबलं. खेकडा फिरायला लागला. इंचू हसून हसून उचकी लागेपर्यंत हसली, आणि हसताना तोल जाऊन माझ्या मांडीवर पडली. पडली आणि तिथंच राहिली. मी श्वास रोखून बसलो होतो.

११ डिसेंबर

माझा निळ्या चौकडीचा शर्ट दोरीवरून गेला. मामी म्हणतात कावळ्यानं नेला. एवढा शर्ट कावळा नेईल?

दुसरी एक गोष्ट टोचते. मामी रोज दुपारी इंचूला निजवायला मागच्या खोलीत नेतात आणि दार लोटून घेतात. मी विचारलं, मी निजवू का? "तुझ्याकडे निजेल ती? उगी भोंगा वाजवशील," असं म्हणून कडी. आतून मामींची कुजबुज ऐकू येते, बराच वेळ. आपलीच पोर, आपण बाहेर. मामींना मी घरात नकोसा आहे असं मला आधीपासूनच वाटतं. त्यांना बंदरात नोकरी करणारा जावई हवा होता.

झोपून उठल्यावर इंचूच्या गालावर गोल खूण होती, मधे चार छिद्रं असल्यासारखी. डास असा चावतो का? उद्या मच्छरदाणी बघतो.

१५ डिसेंबर

मामींनी मला गुळ्ळ तोडायला पाठवलं. पाटी भरून आणली. त्यांनी एकेक हातात घेऊन दोन ढीग केले. एक लहान, एक मोठा.

"हा लहान ढीग विकायचा. हा मोठा जून झालाय, म्हशीला."

"मला सगळी सारखीच दिसतात, मामी."

"दिसतील कशी? चकाकी बघितलीस का? कोवळं असतं ते अंगावर ऊन परतवतं. जून झालं की ऊन पिऊन टाकतं." त्यांनी दोन वांगी माझ्यापुढे धरली. "हे कुठलं?"

"कोवळं."

"आणि हे?"

"...जून?"

"शिकेल, शिकेल," मामी म्हशीला म्हणाल्या, मला नाही.

पुन्हा वाफ्यात गेलो. सकाळी नुसती हिरव्या गोळ्यांची रांग होती. आता अर्धी वांगी लखलखत होती आणि अर्धी मंद. म्हशीला वाटा कमी आला. संध्याकाळी मामींनी मला न विचारता दुसऱ्यांदा मासळी वाढली.

२० डिसेंबर

उडुपीला बँकेच्या आणि पासपोर्टच्या कामाला गेलो होतो, मोटरसायकलनं. दिवस गेला. घरी आल्यावर विनुता सांगते, इंचू दिवसभर फाटकापाशी जाऊन दोन्ही तळवे पसरून विचारत होती, "भों? भों?"

म्हणजे वासाचा तर्क चुकला. मोटरसायकल म्हणजे भों! भोंऽऽ असा आवाज करते, सरळ आहे. बुटांचं काय, बॅगेचं काय, ते अजून कळत नाही. मोटरसायकलबरोबर जाणाऱ्या वस्तू असतील.

विनुताला हे समजावून सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि उठून विहिरीकडे गेली. खोकल्याचं औषध आणलं पाहिजे.

२८ डिसेंबर

सात-आठ दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. चांगले गेले एवढंच. ती आता माझ्या खांद्यावर बसते. केस धरते, लगाम धरल्यासारखे. कान पिळून दिशा सांगते. वाफ्यात जाऊन आम्ही गुळ्ळ बघतो. तिचा चेंडू आता गुळ्ळ राहिला नाही, "बॉल" झाला. चंद्र आणि शीनण्णा मात्र अजून गुळ्ळ.

अप्पा म्हणत नाही. मी रोज छातीवर हात ठेवून सांगतो, "अप्पा. मी अप्पा." ती माझ्या छातीवर हात ठेवते, माझ्याकडे मोठ्या दयेनं बघते आणि म्हणते, "भों." मोटरसायकल हवी असते. मग मी तिला मोटरसायकलवर एक चक्कर मारून आणतो.

८ जानेवारी

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवतो.

कटपाडीला कंबळ होतं. चिखलातून रेड्यांच्या जोड्या धावतात, मागून धावणारे, ढोल, ही गर्दी. आम्ही सगळे गेलो, शीनण्णाही. इंचूला पिवळा फ्रॉक. मी तिला भुईमूग घेऊन दिले, पैसे द्यायला तिला खाली ठेवलं, वळलो, आणि ती नव्हती.

विनुता एकीकडे धावली, मी एकीकडे. पिवळं काही दिसलं की धावत जायचो. फुगे, टोप्या, झेंडूच्या माळा. एवढं पिवळं जगात असतं हे आजवर ठाऊक नव्हतं. मी ओरडत होतो, "इंचू! अप्पा इथं आहे, इंचू!" आणि ओरडता ओरडता कळत होतं, की अप्पा तर विनुताच्या पर्समध्ये आहे. ती कशी येईल?

तेवढ्यात कर्ण्यावर रेड्यांचं वर्णन थांबलं आणि निवेदकाचा आवाज आला.

"एक विनंती. एक लहान मुलगी मंचाजवळ सापडली आहे. पिवळा फ्रॉक, पायात पैंजण. आईबापाचं नाव सांगत नाही. ती सारखं भों, भों म्हणते आहे. आधी आम्हाला वाटलं कुत्र्याला घाबरली, म्हणून कुत्रं हाकललं. मग वाटलं रेड्याला घाबरली, पण रेडे हाकलता येत नाहीत. तरी मंडळी, ज्या कुणाचं नाव भों असेल, त्यांनी कृपया मंचाजवळ यावं. श्री. भों, आपण असाल तिथून या."

हजारभर माणसं हसली. विनुता गर्दीतून येऊन माझ्या दंडाला धरून ओढत होती. मी म्हटलं, "मोटरसायकल तिकडं कुंपणाशी आहे. तिला दिसली की काय?"

"अहो!" विनुता रडत होती आणि हसत होती. "मोटरसायकल काय! तुम्हाला बोलावतायत! भों तुम्ही!"

मी तिथंच उभा राहिलो. बूट. बॅग. दाढीचा फेस. खुर्ची. फाटकाशी पसरलेले तळवे. छातीवर ठेवलेला हात.

मग धावलो. मंचावर एका स्वयंसेवक बाईच्या कडेवर इंचू नाक ओढत बसली होती. मला बघितलं आणि दोन्ही हात उंच केले. "भोंऽऽ!" इतक्या मोठ्यानं की ते कर्ण्यावर गेलं.

"श्री. भों सापडले!" निवेदक म्हणाला. टाळ्या पडल्या. मी तिला घेतलं. तिनं माझ्या शर्टाला नाक पुसलं.

मामी मागून पोचल्या, धापा टाकत. सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग तो हात तिथंच राहू दिला.

९ जानेवारी

सगळ्या मट्टूत मी भों झालोय. दूधवाला फाटकातून ओरडला, "भों साहेब, दूध!"

विनुताला विचारलं, तुला कधीपासून ठाऊक होतं?

"पहिल्या आठवड्यापासून. तुम्ही आल्या दिवशी तो आवाज काढलात ना, तेव्हाच तिनं तुमचं बारसं केलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"रोज संध्याकाळी तुमची वही वाचून आम्ही मायलेकी पोट धरून हसत होतो. कोण सांगेल?"

म्हणजे मामींनाही "सासूबाई" कंप्रेसरचं कळलंय. बोलल्या काहीच नाहीत. मात्र आज आमटी चमच्यानं ढवळताना घरघर असा आवाज काढला, माझ्याकडे बघत.

(विनुता, हे वाचत असशील तर: खोकल्याच्या औषधाचे पैसे परत दे.)

१७ जानेवारी

आनंद आहे, पण त्याच्या तळाशी एक खडा आहे.

तिला दोन माणसं आहेत. फोनमधला अप्पा आणि घरातला भों. फेब्रुवारीत मी गेलो की तिच्या लेखी भों गेला. आणि अप्पा पुन्हा फोनमध्ये येईल, त्याला ती इडली दाखवेल, आणि त्यालाच विचारेल, भों कुठाय? मी त्याला काय सांगू? म्हणजे मी मला.

शीनण्णांना बोललो. ते म्हणाले, "मी टपाल वाटायचो तेव्हा माझ्या पोरानं मला खाकी पोशाखाशिवाय पाहिलं की ओळखायला वेळ घ्यायचा. पोरं आधी वरचं बघतात. माणूस मागाहून सापडतो."

"पण माझ्याकडे मागाहून नाहीये, शीनण्णा. जेमतेम चार आठवडे आहेत."

"मग तू घाई कर, तिला घाई नाही," ते म्हणाले, आणि टाळूवरून हात फिरवला.

मागच्या खोलीत काही शोधताना माझा चौकडीचा शर्ट सापडला, उशीच्या जागी घडी घालून. मामींनी पोरीच्या अंथरुणाला फडकं म्हणून वापरलाय. बटणंसुद्धा काढली नाहीत. चांगला शर्ट होता. जाऊ दे, बोललो नाही.

२३ जानेवारी

मामी रोज सकाळी इंचूच्या गालावर काजळाचं बोट लावतात, दृष्ट लागू नये म्हणून. आज आरशासमोर लावलं आणि म्हणाल्या, "चुक्की." इंचूनं आरशात आपला गाल बघितला, बोट लावलं, बोट काळं झालं. "चुक्की!"

झालं. दिवसभर चुक्क्या. फ्रॉकवरचे ठिपके. भातातला खडा. पपईच्या बिया, अख्खी पपई खाऊ न देता एकेक बी मोजल्यासारखी दाखवत बसली. अंगणात एक लाल किडा होता, पाठीवर काळे ठिपके असलेला. आमच्या अंगणात असा किडा असतो हे मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी निघाली, "चुक्की." इथं मामी म्हणाल्या, "बरोबर. तीसुद्धा चुक्कीच."

डेंजीच्या वेळेसारखंच. शब्द मिळाला की डोळे त्याच्या मागे धावतात. आणि डोळ्यांनी आणून आणून ओतलं की शब्द मोठा होतो. चांदणीपर्यंत जातो.

२५ जानेवारी

मी खाटेवर पडलो होतो, ती माझ्या पोटावर बसून माझा चेहरा तपासत होती. नाक ओढलं, पापणी उचलली. मग हनुवटीपाशी थबकली. तिथं डाव्या बाजूला मला तीळ आहे. "चुक्की!" पुसायला गेली, पुसला जाईना. थुंकी लावली. तरी जाईना. तोंड उघडं टाकून बघत राहिली. इतके दिवस रोज त्याच्यासमोर होती, पण आज दिसला.

विनुता म्हणाली, "थांबा," आणि आपल्या फोनवरून मला व्हिडिओ कॉल लावला. माझा फोन माझ्या हातात, तिचा इंचूच्या हातात.

"अप्पा!" इंचू फोनला म्हणाली, नेहमीसारखी खुशीत. मग काच नाकाजवळ नेली. बोट काचेवर टेकवलं, हनुवटीच्या जागी.

"चुक्की," ती हळूच म्हणाली.

माझ्याकडे बघितलं. माझ्या तिळावर बोट. काचेवर बोट. पुन्हा माझ्या. मी जीभ बाहेर काढली, फोनमधल्यानंही काढली. तिनं फोनच्या मागे बघितलं, तिथं कोणी नव्हतं. मग तिच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला लिहिता येत नाही. पहाटे पाण्यावरचं धुकं उठतं आणि किनारा होता तिथंच असतो, तसं काहीसं.

"अप्पा," ती म्हणाली. फोनला नाही. "अप्पा भों."

विनुता दाराआड गेली. या वेळी मला ठाऊक होतं की तो खोकला नव्हे.

मामींनी आत येऊन विचारलं, "म्हणाली?" मी मान हलवली. "बरोबर," त्या म्हणाल्या. "दुपारी निजवताना रोज कानात सांगायचे मी, वासासकट. उशीर लागला, पण उतरलं." काय म्हणाल्या ते मला नीट कळलं नाही. आनंदात विचारायचं राहिलं.

२ फेब्रुवारी

आता नवीच आफत. आज बसमध्ये कंडक्टरच्या गालावर तीळ होता. इंचू सीटवर उभी राहून ओरडली, "अप्पा!" सगळी बस विनुताकडे बघायला लागली.

"ताई, मी तर आज पहिल्यांदाच या गाडीवर आहे," कंडक्टर म्हणाला.

विनुताचा चेहरा मिरचीसारखा. मी माझी हनुवटी पुढे केली. इंचूनं दोन्ही तीळ पाहिले, विचार केला, कंडक्टरला हात हलवून टाटा केला आणि माझ्या मांडीवर बसली. बहुधा त्याला निवडणुकीत पाडलं.

१२ फेब्रुवारी, मंगळूर विमानतळ

निरोपाचं लिहीत नाही. ती रडली नाही, मी रडलो. मामींनी लोणच्याची बरणी आणि वर पाटीभर गुळ्ळ दिली. सगळी कोवळी. निवडून मीच आणली होती, त्यांनी एकही परत काढलं नाही.

६ मार्च, फुजैराबाहेर नांगरावर

तीन आठवडे समुद्रात सिग्नल नव्हता. आज नांगर टाकला आणि धावत मेसमध्ये गेलो. अंगावर कामाची डांगरी, हाताला तेल. वाटेत आरशात पाहिलं: दाढी वाढलेली, तीळ पूर्ण झाकलेला. खोलीत जाऊन दाढी करावी तर सिग्नल जाईल. तसाच कॉल लावला.

विनुता दिसली, मग फोन खाली गेला आणि इंचूचं कपाळ आलं, मग एक डोळा. केळं खात होती. माझ्याकडे बघत राहिली.

"इंचू," मी म्हटलं.

तिनं मान तिरकी केली. दाढी बघितली. मेसमधले दोघंतिघं माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. ती फोनच्या मागे बघत नव्हती. माझ्याकडेच बघत होती, काळजीनं, मामी वांग्याकडे बघतात तशी.

"अप्पा," ती विनुताला म्हणाली, "अप्पा भू." भूक लागलीय म्हणून सांगत होती. अप्पा बारीक झालाय, असं तिला दिसलं असावं.

आणि तिनं आपलं केळं माझ्या तोंडाशी धरलं. पडदा पिवळा झाला. मागून विनुता ओरडत होती, "अगं फोन! फोन खराब होईल!" पिवळ्यात काही दिसत नव्हतं, नुसतं तिचं "अं, अं" ऐकू येत होतं. तोंड उघड म्हणून.

मी तोंड उघडलं.